चूक सांगा, पाहुणे

स्वतःचं कौतुक ऐकून ज्याचं पित्त खवळतं असा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. आपण सगळे येताजाता एकमेकांना 'वा, छान' म्हणत असतो. म्हणणाऱ्याला खर्च नाही, ऐकणाऱ्याला गुदगुल्या. माझ्या साडूंना मात्र कुणी 'छान' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते, मान एका बाजूला कलते आणि आवाज एकदम सरकारी होतो. "छान हाय ते ऱ्हाऊ द्या. चूक सांगा, पाहुणे, चूक!"

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. ही त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला पाहुणे म्हणतात. सावेडीत त्यांचं घर आमच्यापासून दोनच गल्ल्यांवर आहे आणि एक दिवसाआड मी त्यांच्याकडे चहाला असतो, तरी त्यांच्या लेखी मी अजून पाहुणाच. मूळचे ते मिरजगावचे. शेती थोरले भाऊ बघतात, आणि दाजींची सारी नोकरी सुप्याच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात झाली. यंत्रावरून उतरलेला लोखंडी तुकडा उचलायचा, उजेडाकडे धरायचा, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि कुठे केसाएवढं खरखरीत लागलं की 'रिजेक्ट' म्हणून लाल पेटीत टाकायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा लाल पेटी सुप्यालाच राहिली, पण अंगठा घरी आला. लग्नाला गेले की मांडवाच्या खांबावरून तो अंगठा फिरतो, कुणी नवं घर दाखवायला नेलं की दाराच्या चौकटीवरून फिरतो. माझं लग्न जमत होतं तेव्हा आपण मुलगी बघायला आलो आहोत असा माझा समज होता. पोह्याची बशी हातात घेऊन मी बसलो आहे तोवर दाजी माझ्याभोवती एक चक्कर मारून आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगं बरं हाय. डावा खांदा जरा वर हाय, पण चालून जाईल." आजही मी शिंप्याकडे गेलो की ही मागून आठवण करते, "डावा खांदा सांगितला का?"

यात खवचटपणा औषधालाही नसतो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. दाजींचा हिशेब सरळ आहे. एकदा चहा पिताना त्यांनी तो मला समजावून सांगितला. "ज्याचं काय बी झालं तरी आपल्याला सोयरसुतक न्हाई, त्याला छान म्हणावं अन् वाटंला लावावं. आपल्या माणसाची चूक काढायची असती." या हिशेबाने बघितलं तर त्यांनी माझ्यावर फारच माया केली आहे.

निवृत्तीनंतर हा माणूस करणार काय, ही काळजी ताईंना होती. ताई म्हणजे हिची थोरली बहीण. जगातल्या सगळ्या चुका नवऱ्याने बघायच्या आणि जगातलं सगळं चांगलं आपण बघायचं, अशी त्यांनी संसाराची वाटणी केलेली. मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे. त्याने नवीन कॅमेरा घेतला आणि जुना वडिलांना आणून दिला, सोबत अगदी जवळून फोटो काढायची एक लेन्स. झालं! डोंगर, देवळं, नातेवाईक यांत दाजींना कधीच रस वाटला नाही. "डोंगर काय, समद्यांनाच दिसतो," असं म्हणून त्यांनी तो विषय निकाली काढला. त्यांना माशीच्या डोळ्याची जाळी हवी होती, मुंगीच्या मिशा हव्या होत्या, कढीपत्त्याच्या पानावर बसलेल्या अळीच्या पाठीवरची लव हवी होती. आमच्या कॉलनीत एक मोकळा प्लॉट आहे, तिथे ते सकाळी सकाळी पालथे पडायला लागले. पहिल्याच दिवशी एका रिक्षावाल्याने त्यांना गवतात पडलेलं बघितलं आणि चक्कर आली समजून रिक्षा थांबवली. माणसं जमली, मीही धावत गेलो. कुणी कांदा फोडून आणला, कुणी तोंडावर पाणी मारलं. दाजी उठून बसले ते लालबुंद होऊन. "गेली ना मुंगी!" ते ओरडले. "एवढ्या येळानं वळून बघत हुती माझ्याकडं!" रिक्षावाला आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, डोक्याला मार लागलाय का बघा."

घरात तर ताईंचा स्वयंपाक आणि दाजींचा स्टुडिओ एकाच ओट्यावर नांदू लागले. मुंग्या याव्यात म्हणून गॅलरीत गुळाचा खडा ठेवायचा, माश्या याव्यात म्हणून आंब्याची कोय जपायची. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची ताईंची बाटली घेऊन दाजी भर दुपारी तुळशीवर दव पाडायचे. ताई सगळ्याला हसायच्या. आणि फोटो दाखवला की पदराला हात पुसत बघायच्या आणि म्हणायच्या, "छान आलाय." या एका शब्दापायी त्यांचं मत विचारात घेणं दाजींनी केव्हाच सोडून दिलं होतं. पण दाखवायचे मात्र रोज.

मग आली ती स्पर्धा. शहरात हौशी फोटोवाल्यांचं एक मंडळ आहे, ते दरवर्षी प्रदर्शन भरवतं आणि त्यात जवळून काढलेल्या फोटोंचा वेगळा गट असतो. गेल्या वर्षी दाजींनी कुणाला न विचारता त्यात एक फोटो पाठवला. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो इवलासा किडा, जो आपण लहानपणी काड्यापेटीत ठेवायचो. एकेक ठिपका मोजून घ्यावा इतका लख्ख. बक्षीस आलं नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नसतं, पण परीक्षकांनी पाठवलेल्या शेऱ्याने त्यांची झोप उडाली. शेरा होता : 'चित्र निर्दोष आहे. पण पुन्हा बघावंसं वाटत नाही.'

"निर्दोष हाय म्हणतो, अन् नापास करतो!" दाजी माझ्यासमोर मोबाईल नाचवत म्हणाले. "पाहुणे, एवढी वर्षं काम केलं मी. ज्याच्यात चूक न्हाई तो माल पास, हे काय मला शिकवायचं? आता माझ्या फोटोंत चूक असणारच. मला घावत न्हाई एवढंच. लोकांना विचारतो."

आणि नव्याने काढलेल्या एका नाकतोड्याचा फोटो घेऊन ते विचारू लागले. दाताच्या डॉक्टरांनी त्यांचा जबडा उघडून आत आरसा घातला असताना त्यांनी खुणेने खिशातला मोबाईल काढायला लावला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी नाकतोड्याचा फोटो मोठा करून नीट बघितला आणि म्हणाले, "खालचा जबडा पुढे आलाय हो. लहानपणी लक्ष द्यायला हवं होतं." न्हाव्याने वस्तरा थांबवून मत दिलं की मिशा एकसारख्या नाहीत. शेजारी एक वकील राहतात, त्यांना मागची हिरवी पार्श्वभूमी संशयास्पद वाटली. मी शाळेत मराठी शिकवतो, मी म्हणालो, जरा वर्णन जास्त झालंय. दाजींनी प्रत्येकाचं म्हणणं तितक्याच गांभीर्याने घेतलं आणि प्रत्येकाच्या म्हणण्याप्रमाणे कॉम्प्युटरवर त्या नाकतोड्याची दुरुस्ती केली. वकिलांसाठी पार्श्वभूमी काढली, न्हाव्यासाठी मिशा सारख्या केल्या, माझ्यासाठी वर्णन कमी केलं. शेवटी नाकतोड्याचा एक पाय आणि भरपूर उजेड एवढंच शिल्लक राहिलं, आणि तो फोटो बघून हिच्या तोंडून "छान" निघून गेलं तेव्हा त्यांनी आठवडाभर आमच्याकडे येणं सोडलं.

पण कडी झाली ती मिरजगावला. दाजींचे एक चुलते वारले, त्यांचा दशक्रिया विधी होता. पिंड मांडून झाले, मंडळी मागे सरून उभी राहिली आणि कावळा काही शिवेना. लिंबाच्या फांदीवरून खाली उतरायचा, चार उड्या मारायचा, थबकायचा आणि परत फांदीवर. मुलाने हात जोडले. "आण्णा, बहिनीला दिवाळीला घेऊन येईन." कावळा फांदीवर. "आण्णा, धाकट्याशी भांडनार न्हाई." फांदीवर. "आण्णा, हिरीवरची मोटर दोघांत ठेवू." तरी फांदीवरच. माणसांचे चेहरे उतरले. म्हाताऱ्याचा जीव कशात अडकला असेल, याची कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात दाजींच्या आत्याबाईंनी डोळ्यांवर हात धरून विचारलं, "त्ये पलीकडं गवतात पालथं कोन पडलंय?" कावळ्याच्या डोळ्यात पिंडाचं प्रतिबिंब पकडायला आमचे दाजी पिंडापासून हातभर अंतरावर कॅमेरा रोखून पसरले होते. चौघांनी त्यांना उचलून बाजूला केलं आणि कावळ्याने झडप घातली. दाजींना त्या दिवशी चौफेर बोलणी खावी लागली. फक्त आत्याबाई तेवढ्या खुश होत्या, कारण पोराने देवासमक्ष कबूल केलेलं होतं. बहीण दिवाळीला माहेरी आली आणि भावांतली भांडणंही बऱ्यापैकी मिटली.

या वर्षीची स्पर्धा जवळ आली तेव्हा दाजींनी निवडक फोटो मोठे छापून आणले. संध्याकाळची वेळ होती, मी आणि ही तिथेच बसलो होतो. दाजींनी घाईघाईने पाकिटातून एक फोटो ओढला आणि स्वयंपाकघरातून आलेल्या ताईंच्या पुढे धरला. घाईत त्याची पांढरी कोरी पाठ ताईंकडे होती.

"कसा हाय?"

ताईंनी मनापासून बघितलं. "छान आलाय," त्या म्हणाल्या. "ठिपके तर लईच छान."

ही खो खो हसत सुटली. "अगं ताई, मागची बाजू आहे ती!" मलाही हसू आवरेना. ताईही हसल्या, "मेलं माझं ध्यानच नव्हतं," म्हणाल्या. दाजी हसले नाहीत. त्यांनी फोटो टीपॉयवर ठेवला, ताईंच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, "माझ्या शर्टाची बटनं कोन्त्या रंगाची हायती?"

"असं काय विचारताय? पांढरी की. शर्टाला पांढरीच असत्यात."

दाजींच्या अंगात गोल गळ्याचा बिनबटणाचा टी-शर्ट होता.

आमचं हसू जागच्या जागी थिजलं. ताई खुर्चीत बसल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "डोळ्यावर साय धरल्यावानी दिसतंय. उजव्यानं तर काहीच उमगत न्हाई. बरेच दिस झाले."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमची स्पर्धा हुती ना. म्हटलं, होऊन जाऊ द्यावी, मग सांगावं. डॉक्टर, दवाखाना, तुमचं मन लागलं नसतं." मग हसून म्हणाल्या, "किडा दिसायचा न्हाई, पण तुमचा आवाज कळायचा. आवाज खुशीतला आला की छान म्हणायची मी."

"अन् खुशीतला नसला की?"

"तवा तर म्हणायलाच पाहिजे की."

दाजी गॅलरीत गेले. मी मागोमाग गेलो. कठड्यावर हात ठेवून ते खाली बघत होते. "पाहुणे," ते म्हणाले, "भातात खडा लागला की मी ताट सरकवायचो. आमटी खारट झाली की सांगायचो. दुधाचं पातेलं उतू गेलं की बोलायचो. एवढ्या चुका हातात येत हुत्या, अन् बिघाड कुठं हाय ते मला कळलं न्हाई. कसला तपासनीस मी!" मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी ताईंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू होता, पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरायचं काही कारण नाही, आधी उजवा डोळा करू, मग सवडीने डावा. ताई घाबरल्याच नाहीत. घाबरले ते दाजी. त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवरून अंगठा फिरवला, खिडक्या तपासल्या आणि डॉक्टरीणबाईंना गंभीरपणे विचारलं, "तुमच्याकडं रिजेक्शन कितपत असतं?" बाईंना आधी समजेना. समजल्यावर त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही बाहेर बसा आणि चहा घ्या." शस्त्रक्रिया चालू असताना दाजी बाकड्यावर असे बसले होते की त्यांच्या गुडघ्यावर येऊन बसलेला हिरवागार, पारदर्शक पंखांचा किडा त्यांना दिसलाही नाही. मला दिसला. कॅमेरा घरी कपाटात होता आणि त्याची आठवण काढायची माझी छाती झाली नाही.

स्पर्धेची शेवटची तारीख जवळ येत होती. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "कसली स्पर्धा?" त्यांचं सगळं चित्त डोळ्यात थेंब घालण्यावर होतं. मोबाईलवर गजर लागायचा, दाजी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि ताईंच्या पापणीवर थेंब पडला की स्वतःलाच म्हणायचे, "रिजेक्ट! परत." ताई काळा चष्मा लावून सिनेमातल्या बाईसारख्या खुर्चीत बसायच्या आणि दाजी भाकरी थापायचे. ती भाकरी मी खाल्ली आहे. तिच्याविषयी काही न बोलणं बरं.

त्याआधी, दवाखान्यात पट्टी काढली तेव्हा ताईंनी पहिल्यांदा समोर बघितलं ते दाजींकडे. बराच वेळ बघत राहिल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "केवढे म्हातारे झालात तुमी! अन् कानावर केवढं रान माजलंय!" दाजी हसू लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. घरी आल्यावर तर ताईंना जिकडे तिकडे चुकाच दिसू लागल्या. पंख्यावर जळमटं होती, गॅसच्या मागे तेलकट थर होता, आणि ज्या पडद्याला त्या इतके दिवस राखाडी समजत होत्या तो चक्क निळा निघाला. दाजी हातात झाडू घेऊन त्यांच्या मागून फिरत होते. "बोल, बोल. अजून काय दिसतंय?" असा आनंद त्यांच्या तोंडावर मी त्याआधी कधीच बघितला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर एका दुपारी ताईंनी स्वतःच सांगितलं, "आता काढा ते फोटो." दाजींनी सगळा गठ्ठा पुढे ठेवला आणि परीक्षेला बसलेल्या मुलासारखे समोर बसले. ताईंनी पहिलाच फोटो हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. "ह्याच्या मागं तुमचा बनियन वाळतोय." वकिलांपासून न्हाव्यापर्यंत साऱ्यांनी त्या बनियनला पांढरा ढग म्हटलं होतं. "ही मुंगी केवढी सुटलीय! गूळ कमी करा." "ही माशी न्हवं, ही तर कालच्या आमटीतली मोहरी हाय." ती खरोखरच मोहरी होती. दाजी माना डोलवत होते, खुशीत होते. मग तो ठिपक्यांचा किडा आला, गेल्या वर्षी 'निर्दोष' ठरलेला. ताईंनी तो बराच वेळ बघितला.

"ह्यो निघालाय कुठं?"

"म्हंजे?"

"समदे किडे पासपोर्टच्या फोटोला बसल्यावानी बसवलेत तुमी. ह्याचं तोंड हिकडं हाय, अन् तोंडापुढं फोटोच संपला. जाईल कुठं बिचारा? धडकंल की."

 दाजींनी फोटो घेतला, खिडकीपाशी नेला आणि उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "रविवारी मिरजगावला जाऊ."

आम्ही चौघं माझ्या गाडीतून गेलो. कोवळं ऊन होतं. थोरल्या भावांच्या रानात शाळू डोक्याएवढा झाला होता आणि कडेने करडईची रांग होती. ताई काळा चष्मा लावून, डोक्यावरून पदर घेऊन बांधावरून चालल्या होत्या आणि मध्येच थांबून एखादं पान हातात घेऊन त्याच्या शिरा बघत होत्या. लहानपण त्यांचं अशाच रानात गेलेलं. पण त्या दिवशी त्या ते नव्याने बघत होत्या. किडा त्यांनाच दिसला. "अहो, हिकडं या. त्यो बघा." दाजी वाकायच्या आत किडा शाळूच्या पानावरून चढू लागला. दाजी पालथे पडले आणि कॅमेरा वाजू लागला. किडा पानाच्या टोकाला पोचला आणि पुढे जायला वाट नाही म्हणून घुटमळला. वारं आलं, पान हललं, आणि ताईंनी नकळत त्याच्या पुढे आपलं बोट धरलं. किडा बोटावर चढला.

"अगं बोट काढ! फोटोत येतंय!"

"काढू कसं? त्यो माझ्यावर हाय!"

"मग हलवू नकोस!"

"हसवू नका मग!"

कॅमेरा वाजतच राहिला. किडा बोटाच्या टोकाशी गेला, पाठीवरचं लाल झाकण उघडलं, आतून पंख काढले आणि उडाला. ताई तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या, आणि दाजी कॅमेरा खाली घेऊन ताईंकडे.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर लावले तेव्हा निवडता निवडता दोन उरले. एकात किडा पानावर एकटा, लख्ख, पुढे मोकळी जागा, नाव ठेवायला कुठे वाव नाही. दुसऱ्यात ताईंचं बोट. कातडीवरच्या भेगा, नखाच्या कडेला पिवळी रेघ, बोट जरासं हललेलं म्हणून कडा पुसट, आणि टोकावर पंख अर्धे उघडलेला किडा. दाजींचा अंगठा आपोआप पडद्याकडे गेला. "बोट हललंय. रिजेक्ट."

"त्योच द्या," ताई म्हणाल्या.

"अगं, दोष हाय त्याच्यात."

"असू द्या. किती दिसांनी एवढी बारीक गोष्ट माझी मला दिसली. मी हलनार न्हाई तर काय!"

स्पर्धेच्या शेवटच्या संध्याकाळी मला दाजींचा फोन आला. आवाज चोरी केल्यासारखा दबलेला होता. "पाहुणे, चुकीचा माल पाठवलाय. जाणूनबुजून."

पहिलं बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी, एका सरड्याच्या फोटोला मिळालं. दाजींच्या फोटोखाली 'उत्तेजनार्थ' अशी चिठ्ठी होती. प्रदर्शनात दाजी आपल्या फोटोशेजारी उभे राहून येणाऱ्या जाणाऱ्याला चूक विचारत होतेच. एक टापटीप गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, "किडा सुंदर आहे हो, पण नखात घाण दिसतेय. ती पुसून घ्यायला हवी होती."

"घाण?" दाजींचा आवाज सगळ्या हॉलमध्ये गेला. "हळद हाय ती! सकाळी उठून आमच्यासाठी पिठलं करून निघाली हुती!"

ते गृहस्थ बिचारे माफी मागत पुढे सरकले. कुणी चूक काढली आणि दाजी त्या चुकीच्या बाजूने भांडले, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. थोड्या वेळाने गेल्या वर्षीचे परीक्षक आले. हात मागे बांधून ते फोटोसमोर उभे राहिले. "बोट हललंय," ते म्हणाले. "ठाव हाय," दाजी म्हणाले. परीक्षक हसले. "मघापासून फिरतोय मी, पण परत परत इथेच येतोय." ते गेल्यावर कॉलेजातली एक मुलगी वाकून फोटो बघू लागली आणि आमच्या काळजात धस्स करीत म्हणाली, "काका, किती छान आलाय हो!" ही माझा दंड धरून उभी राहिली. दाजींनी एकदा फोटोकडे बघितलं, मग खुर्चीवर बसलेल्या ताईंकडे बोट केलं. "हिचं बोट हाय ते," ते म्हणाले.

परतताना आम्ही चौघं एका रिक्षात दाटीवाटीने बसलो. माझी गाडी नेमकी त्या दिवशी दुरुस्तीला होती, आणि ते बरंच झालं असं आता वाटतं. रिक्षा शहरातून सावेडीकडे निघाली आणि ताई बाहेर बघत दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचू लागल्या. चपलांचं दुकान, मोबाईल दुरुस्ती, ताजा उसाचा रस, चष्म्याचं दुकान, खोली भाड्याने देणे आहे. आधी आम्हाला हसू आलं, मग आम्हीही पाट्यांकडे बघू लागलो. रिक्षावाल्यानेही वेग कमी केला. दाजी मांडीवर हात ठेवून ऐकत होते. एक पाटी ताईंच्या नजरेतून सुटली, तर दाजींनी त्यांना हळूच कोपर लावून ती दाखवली.

त्यानंतर डावा डोळाही झाला. मुलाला मुलगी झाली आणि दाजी-ताई बंगळुरूला गेले. महिन्या दोन महिन्यांसाठी म्हणून गेलेले अजून तिथेच आहेत. नात त्यांना सोडत नाही म्हणे. घराची किल्ली आमच्याकडे असते. मी कधी कधी जाऊन गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालून येतो. ताई रविवारी फोन करतात. तिथलं सगळं चांगलं आहे, सून चांगली आहे, हवा चांगली आहे, फक्त पाट्या कानडीत, त्यामुळे रस्त्याने जाताना वाचता येत नाहीत, असं म्हणतात. म्हणून हल्ली शाळेतून येताना मी स्कूटर सावकाश चालवतो. चौकात नवं पिठाचं दुकान झालं आहे, पोळीभाजी केंद्राची पाटी बदलून हिरवी केली आहे, आणि कोपऱ्यावर एक शिवणक्लास निघाला आहे. सगळं ध्यानात ठेवतो. रविवारी फोनवर त्यांना एकेक पाटी वाचून दाखवतो, आणि पलीकडे त्या ऐकत असतात.